वास न येणारा वायू

‘घरात गॅस गळत असेल तर कसे कळेल?’ असा प्रश्न सातवी-आठवीच्या वर्गात विचारला, तर सगळा वर्ग एका सुरात सांगतो, ‘वास येतो!’ उत्तर बरोबर आहे, पण अर्धेच. उरलेले अर्धे ठाऊक नसल्यामुळे माणसे दगावतात. जानेवारी २०२० मध्ये बोरिवलीतील दहावीतली एक मुलगी गॅस गिझर लावलेल्या बंद न्हाणीघरात बेशुद्ध सापडली आणि काही दिवसांतच रुग्णालयात मरण पावली. गॅस गिझरच्या अशा घटनांत पुष्कळदा गॅस गळालेलाच नसतो. नळी शाबूत, रेग्युलेटर शाबूत आणि वास अजिबात नाही.

सिलिंडरमधील गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मरकॅप्टन हे उग्र दुर्गंधीचे संयुग अगदी थोडे मिसळतात. पाइपाने येणाऱ्या नैसर्गिक वायूतही असाच एखादा दुर्गंधी पदार्थ असतो. परंतु हा पहारेकरी न जळलेल्या गॅससाठी आहे. ज्योतीत गॅसबरोबर मरकॅप्टनही जळून जातो. ज्वलनातून जे बाहेर पडते, त्याची वर्दी देणारे कोणी नसते.

लालबागला ‘गॅस कंपनी लेन’ आहे. बॉम्बे गॅस कंपनी कोळशापासून गॅस काढून नळांनी शहरात पुरवीत असे, त्या काळाची ही खूण. कोळशाच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड मुळातच असे, म्हणजे तो गॅस जळण्याआधीच विषारी होता. आजच्या सिलिंडरमध्ये किंवा पाइपात हा वायू नसतो. तो आपण ज्योतीत तयार करतो.

कसा, ते पाहण्यासाठी थोडे गणित करू. नववी-दहावीच्या मुलांना ते सहज जमेल. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सियसने तापवणारा छोटा गिझर घ्या. त्यासाठी ६ × २५ × ४.२, म्हणजे ६३० किलोज्यूल उष्णता लागते. गिझरची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सुमारे ७४० किलोज्यूल. एक ग्रॅम गॅस जळून ४६ किलोज्यूल मिळतात, तेव्हा मिनिटाला १६ ग्रॅम गॅस जळतो. प्रत्येक ग्रॅमला साधारण ३.६ ग्रॅम प्राणवायू लागतो, म्हणजे मिनिटाला ५८ ग्रॅम. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम प्राणवायू वापरतो. याचा अर्थ, भिंतीवरचा हा डबा दीडशेहून अधिक माणसांचा श्वास एकटा घेतो!

आता न्हाणीघर चार फूट बाय सहा फूट आणि आठ फूट उंच असेल, तर त्यात सुमारे ५.४ घनमीटर हवा, म्हणजेच साधारण दीड किलो प्राणवायू असतो. बाहेरची हवा मुळीच येत नसेल, तर चार मिनिटांत प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ च्या खाली जाईल. दहा मिनिटांत १३ च्या आसपास. प्रत्यक्षात दाराच्या फटीतून थोडी हवा येते, म्हणून घसरण इतक्या वेगाने होत नाही. पण दिशा तीच.

येथे एक नेहमीचा गैरसमज आडवा येतो. ‘प्राणवायू कमी झाला तर ज्योत विझेल आणि आपल्याला कळेल.’ याला आपला मेणबत्ती-पेल्याचा प्रयोगही काहीसा जबाबदार आहे. मेणबत्ती विझते तेव्हा पेल्यातला सगळा प्राणवायू संपला असे आपण सांगतो. ते खरे नाही. बराच प्राणवायू उरलेला असतो. शिवाय ज्योत विझण्याआधी बिघडते. पुरेसा प्राणवायू मिळाला तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो. कमी पडला की काही कार्बन अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड होतो. निळी ज्योत पिवळी पडणे, गिझरवर काजळी धरणे ही याची लक्षणे. पण ज्योत निळी आहे म्हणून निर्धास्त राहू नये.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबतही नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या सुमारे २०० पट अधिक घट्टपणे चिकटतो. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला, तरी रक्तातल्या जागा एकेक करून बळकावतो. प्रथम डोके जड होते, मळमळते, मग पायांतले बळ जाते. शरीर इतके दुबळे होते, की कडीपर्यंत हात पोहोचत नाही. बाहेरच्यांना वाटते, फिट आली किंवा हृदयविकाराचा झटका आला.

गिरगाव-लालबागच्या चाळींत ही अडचण एवढी नव्हती. आंघोळीची मोरी खोलीतच, कठड्याआड किंवा पडद्याआड असे. तिची हवा खोलीची हवा होती. तांब्याचा बंब बहुधा गॅलरीत पेटे आणि त्याच्या मधल्या नळीतून धूर वर जाई. बंबातला कोळसाही कार्बन मोनॉक्साइड देतोच, पण तो उघड्यावर जाई. चाळीच्या जागी इमारत आली. न्हाणीघराला चार भिंती, घट्ट बसणारे दार आणि थंडीत बंद राहणारी सरकती काच आली. आग मात्र आत आली. दिवाळीची पहिली आंघोळ आठवा. पहाटेच्या गारव्यात खिडकी लावलेली, एकामागून एक पाच-सहा जणांच्या आंघोळी, गिझर सतत चालू. सर्वांत वाईट हवा शेवटी जाणाऱ्याच्या वाट्याला येते.

म्हणून गॅस गिझर न्हाणीघरात बसवूच नये. तो मोकळ्या गॅलरीत बसवावा आणि गरम पाणी तेवढे नळाने आत आणावे. धूर नेणारे नळकांडे असलेल्या गिझरचे नळकांडे थेट उघड्या हवेत निघाले पाहिजे. इमारतीच्या बंदिस्त डक्टमध्ये सोडले, तर आपला धूर वरच्या मजल्यावरच्यांच्या खिडकीतून आत जातो. बाकी सगळे बंद ठेवून पंखा लावला, तर तो हवा बाहेर फेकताना नळकांड्यातला धूर उलटा आत ओढू शकतो. हवा बाहेर काढायची तर ती कोठून तरी आत यायला हवी, एवढे साधे हे आहे.

सिलिंडरचा गिझर पाइपच्या गॅसला परस्पर जोडणे हाही धोकाच. तेवढ्याच उष्णतेसाठी नैसर्गिक वायू आकारमानाने अडीच ते तीन पट लागतो. त्यासाठी जेटचे भोक वेगळे हवे आणि ते काम गॅस कंपनीच्या माणसाचेच. गळती झाली तर सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत साचतो. नैसर्गिक वायू हलका म्हणून छताशी जातो. झरोका केवळ वर किंवा केवळ खाली असून चालत नाही, तो यामुळे. गिझरच्या आतली धूळ वर्षातून एकदा साफ करून घ्यावी. साचलेली धूळही ज्योत बिघडवते.

ज्यांच्या घरी गिझर आधीच आत आहे आणि लगेच हलवता येत नाही, त्यांनी दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच आंघोळीला बसावे. आत गेल्यावर कडी लावू नये.

आत कोणी पडलेले आढळले, तर दार-खिडकी उघडून गिझर बंद करावा, त्या व्यक्तीला लगेच मोकळ्या हवेत आणावे आणि रुग्णालयात पोहोचताच ‘गॅस गिझर चालू होता’ हे सांगावे. साध्या हवेत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे तास-दीड तास. करोनाच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आहे. त्यावर या वेळी विसंबू नये. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते, आणि माणूस बेशुद्ध असताना ते ९८ दाखवू शकते.