लांब पल्ल्याची शर्यत आणि कातडीचें रक्षण

पोळ्याच्या आदल्या सायंकाळीं शेतकरी आपल्या बैलांचे खांदे ऊन पाण्यानें शेकतो आणि तूप किंवा लोणी व हळद लावून ते मळतो. ह्या चालीस खांदेमळण म्हणतात. वर्षभर ज्या जागीं जूं घासलें, त्या जागेची ही शुश्रूषा होय. खांदा सोलवटलेला बैल कितीही बळकट असला तरी औतास चालत नाहीं, हें शेतकऱ्यास पक्कें ठाऊक असतें. बैलगाडीच्या आंसास वंगण घालण्यास तो विसरत नाहीं, त्याचेंही कारण हेंच. जेथें दोन वस्तु एकमेकींवर सारख्या घासतात, तेथें एकीची तरी झीज व्हावयाचीच.

हाच नियम मनुष्याच्या देहासही लागू आहे, आणि तो कोठें पाहावयाचा असेल तर लांब पल्ल्याच्या शर्यतींत पाहावा. पोहणें, सायकल चालविणें व धांवणें हीं तिन्ही कामें एकामागून एक, मध्यें विसावा न घेतां करावयाचीं, अशा शर्यतीस ट्रायथ्लॉन म्हणतात. तिचा अतिशय प्रसिद्ध असा लांब पल्ला १९७८ सालीं हवाई बेटांत सुरू झाला. त्यांत ३.८ किलोमीटर पोहून, १८० किलोमीटर सायकल चालवून, त्यावर ४२.२ किलोमीटरांची पूर्ण मॅरेथॉन धांवावी लागते. ह्याच्या निम्म्या पल्ल्याची शर्यत २०१९ सालीं गोव्यांत, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर, प्रथम भरली. समुद्रांत १.९ किलोमीटर पोहणें, मग ९० किलोमीटर सायकल आणि शेवटीं २१.१ किलोमीटर धांव, असा तिचा क्रम आहे.

अशा शर्यतीसाठीं लोक कित्येक महिने तयारी करितात. पहाटे उठतात, आहार संभाळतात, दम वाढवितात. इतकें करूनही ऐन वेळीं रुपयाच्या नाण्याएवढा एक सोलवटलेला चट्टा त्यांचा घात करितो. मांडीची आग होऊं लागली म्हणजे धांवणारा पाय फांकवून धांवूं लागतो. त्याची चाल बिघडते, गुडघ्यावर व कमरेवर भलताच भार पडतो आणि दम शिल्लक असूनही त्याला थांबावें लागतें. म्हणून ही गोष्ट क्षुल्लक समजूं नये. शिवाय ती बहुतेक टाळतां येण्यासारखी आहे. मात्र तिचीं कारणें नीट समजलीं पाहिजेत.

आपल्या त्वचेचा अगदीं वरचा थर मृत पेशींचा बनलेला असतो. तळहात व तळपाय सोडले तर इतर बहुतेक ठिकाणीं तो फार पातळ, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या ते पन्नासाव्या भागाइतकाच असतो. त्याच्या खालीं सजीव पेशी आणि वेदना जाणणाऱ्या मज्जातंतूंचीं टोंकें आहेत. वरचा थर झिजला कीं आग होऊं लागते, आणि आणखी झिजला कीं लस व रक्त दिसूं लागतें.

आतां ही झीज किती वेळां होते त्याचा हिशेब करून पाहा. एका पावलास एक मीटर धरला, तर २१.१ किलोमीटरांत एकवीस हजारांहून अधिक पावलें पडतात आणि प्रत्येक पावलागणिक एक मांडी दुसरीस घासून जाऊं शकते. ९० किलोमीटरांस तीन तास लागले आणि मिनिटास ८० वेळां पायटा फिरला, तर १४,४०० फेरे होतात. एकदां घासल्यानें कांहीं बिघडत नाहीं. परंतु तेंच सहस्रावधि वेळां झालें म्हणजे मऊ कापडही कानशीसारखें काम करितें.

दुसरें कारण ओल. पुस्तकाचें पान सहज उलटावें म्हणून आपण बोट किंचित् ओलें करितों, तें कां? कारण ओलसर त्वचा कोरड्या त्वचेपेक्षां अधिक चिकटते. बोटाला जें सोयीचें तेंच मांडीला घातक. त्यांतून बराच वेळ भिजलेली कातडी मऊ पडते व लवकर सोलवटते. कोंकण व गोव्याच्या किनाऱ्यावर हवा दमट असल्यामुळें घाम लवकर सुकत नाहीं. तो अंगावरच राहतो व कपडे भिजवितो. म्हणून देशावरील कोरड्या हवेंत ज्याला कधीं त्रास झाला नाहीं, त्यालाही किनाऱ्यावर होण्याचा संभव असतो.

तिसरें कारण मीठ. घाम वाळला म्हणजे काळ्या सदऱ्यावर जे पांढरे डाग उमटतात, ते मिठाचे होत. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत तर सुमारें ३५ ग्रॅम मीठ असतें. पोहून बाहेर आल्यावर अंगावरील पाणी वाळतें, पण मिठाचे बारीक कण कपड्यांच्या शिवणींत व त्वचेच्या वळ्यांत राहतात आणि पुढें तासन्तास वाळूसारखे घासतात.

घर्षण, ओल आणि मीठ ह्या तिघांची जूट जमली म्हणजे कातडी जाते. तिघांस सर्वस्वीं हांकलणें शक्य नसतें. पण एकेकाचा जोर कमी केला तरी पुष्कळ रक्षण होतें. पुढील सर्व उपायांचें सार एवढेंच आहे.

प्रथम पोहणें घेऊं. श्वास घेण्यासाठीं पोहणारा डोकें वारंवार एका बाजूस वळवितो आणि तितक्या वेळां पोशाखाचा गळा मानेवर घासतो. थंड पाण्यांत रबरी पोशाख घालतात, तेव्हां हा त्रास विशेष होतो. परंतु उबदार पाण्यांतही मान, काखा आणि बाह्यांच्या कडा संभाळाव्याच लागतात. पाण्यांत शिरण्यापूर्वीं ह्या ठिकाणीं पेट्रोलियम जेलीसारखें वंगण लावावें. लावल्यावर हात स्वच्छ पुसण्यास विसरूं नये, नाहीं तर तेंच बोट चष्म्यास लागून समोरचें दिसेनासें होतें. सायकलीपाशीं गोड्या पाण्याची एक बाटली ठेवावी. मान, काखा व जांघा यांवर तें पाणी ओतून मीठ धुऊन टाकण्यास अर्धें मिनिटही लागत नाहीं आणि त्याचा उपयोग पुढें कित्येक तास होतो.

सायकलीवर सर्व भार एका लहानशा सीटवर पडतो. ह्यासाठीं सायकलस्वारांची आंत गादी शिवलेली घट्ट चड्डी वापरावी. पूर्वीं ही गादी आल्प्स पर्वतांतील शॅम्वा नांवाच्या बकरीसारख्या प्राण्याच्या मऊ कातड्याची करीत. हल्लीं ती कृत्रिम धाग्यांची असते. ह्या चड्डीच्या आंत दुसरें अंतर्वस्त्र मुळींच घालूं नये, कारण त्याची शिवण नेमकी भार पडतो तेथेंच येते व काचते. सीट प्रमाणाबाहेर उंच असली तर पायटा गांठण्यासाठीं कंबर दोन्ही बाजूंस झुलते आणि घर्षण वाढतें. तेव्हां दोष कातडीचा न मानतां आधीं सीटची उंची तपासावी. मधून मधून कांहीं क्षण पायट्यांवर उभें राहिलें म्हणजे दबलेल्या भागास आराम मिळतो. एकदां वापरलेली चड्डी न धुतां पुन्हां घालणें म्हणजे जंतूंस आमंत्रण देणें होय.

मग धांवणें. येथें मुख्य त्रास मांड्यांस होतो. तो जाड्या मनुष्यासच होतो असें समजून कोणी कोणास हंसूं नये. भरदार स्नायूंच्या सडपातळ मुलांच्याही मांड्या घासतात. सैल चड्डी भिजली म्हणजे तिच्या चुण्या मांड्यांच्या मध्यें गोळा होतात. त्यापेक्षां मांडीच्या मध्यापर्यंत येणारी, अंगाबरोबर बसणारी चड्डी बरी, कारण मग कातडीवर कातडी न घासतां कापडावर कापड घासतें. काखांची तीच गोष्ट.

पुरुषांस आणखी एका ठिकाणीं जपावें लागतें, आणि तें म्हणजे स्तनाग्रें. सुती गंजीफ्राक घामानें भिजून जड होतो व छातीवर सारखा वरखालीं होतो. मॅरेथॉनच्या शेवटीं कित्येकांच्या सदऱ्यांवर रक्ताचे दोन डाग दिसतात, ते ह्यामुळेंच. आरंभींच कोरड्या त्वचेवर चिकटपट्टीचे दोन लहान तुकडे लावले कीं हें टळतें. मुलींस व स्त्रियांस अंतर्वस्त्राच्या खालच्या पट्टीखालीं व खांद्यांवर वंगणाची गरज असते. गळ्यामागची कापडी चिठ्ठी कापून टाकावी. छातीवरील क्रमांकाच्या कागदाची कडा उघड्या त्वचेस लागत नाहीं ना, हें पाहावें.

पायांविषयीं सर्वांस ठाऊक आहे कीं नवा बूट चावतो. म्हणून शर्यतीस नवा बूट नको. मोजे कृत्रिम धाग्यांचे असावेत आणि पाय पुसून कोरडे केल्यावरच घालावेत. उन्हानें त्रासून पुष्कळ जण डोक्यावर तांब्याभर पाणी ओततात. तें चड्डींतून ओघळून बुटांत शिरतें आणि पुढच्या दोन कोसांत फोड आणतें. त्यापेक्षां पुढें वांकून मानेच्या मागल्या बाजूस थोडें पाणी घ्यावें.

कापडाविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. रोजच्या वापरास सुती कापडासारखें सुखकर दुसरें नाहीं. परंतु कापसाचा तंतु पाणी पिऊन धरून ठेवतो, आणि पॉलिएस्टरचा तंतु तें जवळ जवळ पीतच नाहीं. म्हणून लांब शर्यतीस विरळ विणीचें, सपाट शिवणींचें पॉलिएस्टर चांगलें.

वंगणांत पेट्रोलियम जेली सर्वांत स्वस्त व सहज मिळणारी. रॉबर्ट चीझब्रो ह्या अमेरिकन रसायनज्ञानें १८७२ सालीं तिच्या कृतीचा एकाधिकार घेतला आणि तिला व्हॅसलीन हें नांव दिलें. ती पाण्यांत विरघळत नाहीं, म्हणून घामासही बराच वेळ दाद देत नाहीं. तरी दोन-तीन तासांनीं ती पुसली जाते. ह्याकरितां एक लहानशी डबी जवळ बाळगून पुन्हां लावावी. तिचे डाग कपड्यांवर राहतात, म्हणून खेळाडूंसाठीं मुद्दाम केलेलीं मलमेंही बाजारांत आहेत. खोबरेल तेल थोड्या वेळाच्या सरावास पुरतें, पण तें पातळ असल्यामुळें लवकर निघून जातें. पावडर घरीं त्वचा कोरडी ठेवण्यास ठीक आहे. परंतु घाम फार आला म्हणजे तिच्या गुठळ्या होतात आणि त्याच टोंचूं लागतात. शर्यतीच्या आदल्या दिवशीं जांघा किंवा काखा वस्तऱ्यानें साफ करूं नयेत, कारण ताज्या वस्तऱ्याची त्वचा नाजूक झालेली असते.

ह्या सर्वांहून महत्त्वाचा नियम असा कीं, शर्यतीच्या दिवशीं नवें असें कांहींच करूं नये. प्रत्येकाचें शरीर निराळें, म्हणून घासण्याची जागाही निराळी. ती जागा सरावाच्या लांब फेऱ्यांतच शोधून काढावी. ज्या कपड्यांत व ज्या वंगणासह तुम्ही सरावांत दोन-तीन तास निर्वेध धांवलां, त्यांतच शर्यतीस उभे राहा. घरीं येऊन स्नान करितांना जेथें पाणी झोंबलें, ती जागा वहींत टिपून ठेवा. शिक्षक तपासणार नाहींत, पण ही टिपणी तुमच्या उपयोगी पडेल.

इतकेंही करून कातडी सोलवटलीच, तर काय करावें? धांवतां धांवतां चरचरूं लागतांच थांबून वंगण लावावें. तेथें गेलेला एक मिनिट पुढचा तास वांचवितो. घरीं आल्यावर कोमट पाण्यानें व सौम्य साबणानें जागा धुवावी, चोळूं नये, मऊ कापडानें टिपून कोरडी करावी. मग पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचें मलम लावून सैल सुती कपडे घालावे. स्पिरिट ओतून दांत-ओठ खाणें ह्यांत शौर्य नाहीं, उलट त्यानें कोंवळी कातडी अधिक दुखावते. जागा भरून येईपर्यंत धांवणें बंद ठेवावें.

जांघेंतील लाली पसरत चालली, पू किंवा दुर्गंधि येऊं लागली, अथवा ताप आला, तर विनाविलंब डॉक्टरांकडे जावें. मधुमेह असणाऱ्यांनीं तर अशा जखमेस मुळींच उशीर लावूं नये. गोलाकार, कडेला उठावदार व खाज सुटणारा चट्टा बहुधा घर्षणाचा नसून गजकर्णाचा असतो. अशा वेळीं औषधाच्या दुकानांतून मनानेंच मलम आणून लावण्याची चाल फार वाढली आहे. त्यांपैकीं कित्येक मलमांत स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें खाज थोडे दिवस थांबते, पण आंतील बुरशी फोफावते आणि मग रोग महिनेच्या महिने हटत नाहीं.

शेवटीं एक गोष्ट मुलांस व मुलींस मुद्दाम सांगावयाची आहे. हा त्रास ज्या ठिकाणीं होतो त्या ठिकाणांचें नांव घेण्यास संकोच वाटतो. म्हणून कित्येक विद्यार्थी तो लपवितात, पाय फांकवून चालतात, सोबत्यांची थट्टा सोसतात आणि पुढें कांहीं निमित्त काढून मैदान सोडतात. चांगला धांवणारा मुलगा धांवणें कां सोडून बसला, हें मग कोणासच कळत नाहीं. गुडघा फुटला तर आपण लाजत नाहीं. मग जांघ सोलवटली तर कां लाजावें? दोन्ही जागीं कातडीच आहे. आईस, वडिलांस, क्रीडाशिक्षकांस किंवा डॉक्टरांस स्पष्ट सांगा. आणि शिक्षकांनींही मुलांच्या सांगण्याची वाट न पाहतां, लांब धांवेच्या सरावास आरंभ करण्यापूर्वींच, हीं चार वाक्यें साध्या शब्दांत बोलून टाकावीं.

शर्यतींत सोसावें लागणारें कांहीं दुःख अपरिहार्य आहे. दम लागणें, पाय भरून येणें, मन कच खाणें, ह्यांशीं झुंजण्यांतच त्या खेळाचें शिक्षण आहे. पण जें दुःख चार आण्यांच्या वंगणानें टळतें, तें सोसण्यांत कसलेंच शिक्षण नाहीं. तुमची सहनशक्ति जेथें खरोखर लागणार आहे, तेथें ती राखून ठेवा.