कुरूप ठरलेल्या वास्तूंचा ताळेबंद

एखादी इमारत कुरूप आहे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ती आपल्याला का रुचत नाही, याचा शोध क्वचितच घेतो. चित्र नावडले तर भिंतीवरून उतरवता येते, पुस्तक नावडले तर मिटून ठेवता येते. इमारतीचे तसे नाही. ती दुसऱ्याच्या पैशांतून उभी राहते, पण आपल्या रोजच्या वाटेवर असते. म्हणूनच वास्तूंविषयीचा रोष इतका तीव्र असतो. हा रोष कधी टिकतो आणि कधी विरतो, हे समजून घेण्यास पॅरिसमधील तीन वास्तूंचा इतिहास उपयोगी पडतो.

पहिली वास्तू म्हणजे आयफेल टॉवर. १८८९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी त्याची उभारणी चालू असताना, फेब्रुवारी १८८७ मध्ये, फ्रान्समधील नामवंतांनी वृत्तपत्रातून जाहीर निषेध नोंदविला. कथाकार मोपासाँ, संगीतकार गुनो, वास्तुकार गार्निए यांची नावे त्या पत्राखाली होती. तोवर लोखंड पुलांना आणि रेल्वे स्थानकांच्या छपरांना शोभे. तेच उघडेवाघडे, ३०० मीटर उंच, दगडी शहराच्या मध्यभागी उभे राहणे त्यांना असह्य वाटले. व्यवहार मात्र चोख होता. सुमारे ७८ लाख फ्रँक खर्चापैकी सरकारने १५ लाख दिले. उरलेली उभारणी आयफेल यांनी पत्करली आणि मोबदल्यात २० वर्षांचे प्रवेशशुल्काचे उत्पन्न मिळविले. प्रदर्शनाच्या काळातच सुमारे २० लाख लोक मनोऱ्यावर चढले. मुदतीनंतर १९०९ मध्ये तो उतरविता आला असता. पण बिनतारी संदेशवहनासाठी त्याची उंची उपयोगी ठरली आणि तो वाचला.

दुसरी वास्तू १९७७ मध्ये खुले झालेले पाँपिदू केंद्र. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स या वास्तुकारांनी नळ, वायुवाहिन्या, सरकते जिने असे जे एरवी भिंतीआड दडते, ते सारे बाहेर मांडले. हवेला निळा, पाण्याला हिरवा, विजेला पिवळा, लोकांच्या ये-जा करण्याच्या साधनांना तांबडा, अशी रंगांची योजना केली. टीकाकारांनी तिला तेलशुद्धीकरण कारखाना म्हटले. परंतु वास्तुकारांनी मिळालेल्या जागेपैकी जवळपास अर्धी जागा मोकळ्या चौकासाठी सोडली होती. तेथे लोक बसू लागले, कलाकार खेळ करू लागले, मुले बागडू लागली. हळूहळू त्या नळांचीही सवय झाली.

तिसरी वास्तू माँपार्नास टॉवर. १९७३ मध्ये पूर्ण झालेली ही सुमारे २१० मीटर उंचीची गडद इमारत रचनेने मुळीच विचित्र नाही; अशा कार्यालयीन इमारती जगभर आहेत. तरीही पॅरिसकरांचा तिच्यावरील राग अर्धशतकात निवळला नाही. पॅरिसचे सर्वांत सुंदर दर्शन तिच्या गच्चीवरून होते, कारण तेथून ती स्वतः दिसत नाही, असा विनोद तिकडे प्रसिद्ध आहे. अखेर १९७७ मध्ये शहरात नव्या इमारतींना कमाल ३७ मीटरची मर्यादा घालण्यात आली.

तिघींची खाती शेजारी मांडली की फरक ध्यानी येतो. केवळ अपरिचित असल्यामुळे आलेली नावड काळाच्या ओघात ओसरते, विशेषतः त्या वास्तूने रस्त्यावरच्या माणसाला काही दिले असेल तर. आयफेलने सामान्य माणसाला कधी न लाभलेली उंची दिली, पाँपिदूने चौक दिला. माँपार्नासने मात्र दुरून दिसणारे आकाश घेतले आणि त्या मानाने परत फारच थोडे दिले. असे देणे थकीत राहिले की सवयीनेही ते फिटत नाही.

आपल्यापैकी अनेक कुटुंबे दुकान, बंगला किंवा व्यापारी संकुल बांधतात. चौरस फुटाचा दर, भाडे, कर्जाचा हप्ता यांचा हिशेब आपण काटेकोर करतो. त्याच कागदावर आणखी एक रकाना आखावा: शेजाऱ्याचा उजेड किती अडेल, पादचाऱ्याला सावली मिळेल काय, थकलेल्या वृद्धाला टेकायला ओटा असेल काय? हा खर्च एकूण अंदाजपत्रकात फार मोठा नसतो. इमारत मात्र आपल्या नातवंडांच्या काळातही उभी असते आणि तिच्याकडे पाहून लोक आपल्या घराण्याविषयी मत बनवीत असतात.