डॉक्टरकीच्या परीक्षेतले तीन मार्क

मी गणिताचा मास्तर. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली, तरी मोहल्ल्यात कुणाच्या घरी निकाल लागला की कागद अजून माझ्याकडे येतो. गेल्या हिवाळ्यात मगरिबच्या नमाजनंतर शेजारचे भाईजान असाच एक कागद घेऊन आले. मागे त्यांची मुलगी उभी होती. किर्गिझस्तानात सहा वर्षे शिकून ती डॉक्टर होऊन परतली होती. तिच्या शिक्षणासाठी भाईजानांनी गावाकडची दोन एकर जमीन विकली, हे साऱ्या मोहल्ल्याला ठाऊक आहे.

कागदावर लिहिले होते : ३०० पैकी १४७. पास व्हायला १५० लागतात.

“सर, तीन मार्कांत काय असतं हो? रिचेकिंगला टाकू का? एक जण म्हणतो, पुढच्या वेळी कटऑफ खाली येईल. दुसरा म्हणतो, पैसे असतील तर सेटिंग होतं. तुम्हीच सांगा.”

मुलगी काही बोलली नाही. तिच्या अम्मीने मात्र नंतर माझ्या बायकोला सांगितले की, सोयरीक बोलणारे लोकही आता “बघू, बघू” म्हणू लागले आहेत.

आज महाराष्ट्रातल्या कितीतरी मुस्लिम घरांतली मुले-मुली किर्गिझस्तान, कझाकस्तान, रशिया, जॉर्जिया, फिलिपाइन्स, बांगलादेश अशा देशांत डॉक्टरकी शिकत आहेत. फीचा हिशेब आपण बारकाईने करतो, पण परत आल्यावरच्या परीक्षेतला १५० हा आकडा काय आहे, तो कुठून आला, हे फार थोड्या घरांत माहीत असते. म्हणून भाईजानांना जे सांगितले, तेच इथे सविस्तर लिहितो.

ही परीक्षा शर्यत नव्हे

परदेशी पदवी घेतलेल्या भारतीय डॉक्टरांसाठी २००२ पासून ही परीक्षा घेतली जाते. तिचे नाव फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट्स एक्झामिनेशन, बोलीत एफएमजीई. दिल्लीचे राष्ट्रीय परीक्षा मंडळ ती वर्षातून दोनदा घेते. एकाच दिवशी दोन भाग असतात. प्रत्येक भागात १५० प्रश्न आणि १५० मिनिटे. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय, बरोबर उत्तराला एक मार्क, चुकीला वजाबाकी नाही. ३०० पैकी १५० मिळाले की पास.

आपल्या घरांना नीटची सवय असते. तिथे जागा ठरलेल्या आणि मुले लाखोंनी, म्हणून कटऑफ कधी वर जातो, कधी खाली. दुसऱ्याच्या मुलाला जास्त मिळाले तर आपल्या मुलाची जागा जाते. एफएमजीईत असे काहीच नाही. उद्या बसलेल्या सगळ्यांना १५० मिळाले तर सगळे पास. कुणालाच मिळाले नाहीत तर सगळे नापास. १५० ची ही रेषा नियमानेच ठरलेली आहे. ती खाली येत नाही, कुठल्याही प्रवर्गासाठी वेगळी नाही आणि तिच्यावर ग्रेस मार्कही नाहीत. फेरतपासणी किंवा फेरमोजणीची सोय नाही. एखादा प्रश्नच चुकीचा निघाला तर त्याचा मार्क सगळ्यांना दिला जातो, एकट्यादुकट्याला नाही.

थोडक्यात, भाईजानांना मिळालेले तिन्ही सल्ले निकामी होते. शिवाय त्यांच्या मुलीची जागा कुणी हिसकावली नव्हती. ती दुसऱ्या कुणाशी हरलेली नव्हती, एका रेषेपासून तीन मार्क अलीकडे थांबली होती.

अलीकडच्या अनेक सत्रांत या परीक्षेला बसलेल्या दर पाच जणांपैकी जेमतेम एक पास झाला आहे. एखाद्या सत्रात प्रमाण थोडे बरे असते. तेव्हा नापास होणारी ती काही एकटी नव्हे. पण तेवढ्यावर समाधान मानून भागत नाही, म्हणून मी पाटी घेतली.

पाटीवरचा हिशेब

“बेटा,” मी विचारले, “तीनशेपैकी किती उत्तरं तुला अगदी पक्की येत होती? शपथेवर सांगता येतील अशी?”

ती थोडा वेळ थांबून म्हणाली, “शंभराच्या आसपास असतील, चाचा. बाकी अर्धवट आठवत होतं, काही नुसतेच ठोकले.”

मी मांडले. १०० पक्के आले, तर २०० उरले. समजा त्या दोनशेंत डोळे मिटून खुणा केल्या. चारांत एक बरोबर या हिशेबाने ५० मिळतात. शंभर आणि पन्नास, दीडशे. म्हणजे फक्त १०० प्रश्न पक्के येणारा माणूसही रेषेवर पोचतो. ऐकायला बरे वाटते, पण खरा धोका इथेच आहे. दोनशे अंदाजांत दर वेळी नेमके ५० बरोबर येत नाहीत. दहापैकी साधारण सात वेळा ते ४४ ते ५६ च्या दरम्यान येतात, उरलेल्या वेळी त्याहून कमी किंवा जास्त. म्हणजे त्याच मुलीला, तेवढ्याच ज्ञानावर, आज १४७ मिळतील आणि उद्या १५३. एकदा नापास, एकदा पास. निव्वळ नाणेफेक.

“म्हणजे माझं नशीबच खोटं,” ती म्हणाली.

“थांब, पुढचं बघ.”

आता पक्के १०० ऐवजी १२५ धरू. उरले १७५, त्यांचा चौथा हिस्सा सुमारे ४४. बेरीज झाली १६९. इथे नशीब किती फिरले तर ती १५० च्या खाली जाईल? हिशेब केला तर हजार वेळांत एकदाही कठीण. शंभर पक्क्या प्रश्नांवर नाणेफेक होती, सव्वाशेवर जवळजवळ खात्री झाली. मधले अंतर फक्त २५ प्रश्नांचे.

प्रत्येक पेपर सारखाच सोपा किंवा कठीण नसतो, आणि खरा परीक्षार्थी डोळे मिटून खुणा करत नाही. म्हणून हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. लक्ष्य १५० ठेवायचेच नाही. घरी सोडवलेल्या सराव पेपरांत सातत्याने १७५-१८० येऊ लागले की मगच फॉर्म भरायचा. आणि वजाबाकी नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही.

ते २५ प्रश्न शोधायचे कुठे? विषयवार वाटणी जाहीर असते. मेडिसिनला ३३, सर्जरीला ३२, स्त्रीरोग व प्रसूतीला ३०, आणि सामाजिक वैद्यकालाही ३०. बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा यांना प्रत्येकी १५. परदेशात शिकलेली मुले मेडिसिन-सर्जरीच्या मागे धावतात आणि सामाजिक वैद्यक मागे टाकतात, कारण आपल्याकडचे लसीकरणाचे वेळापत्रक, क्षयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम, मातामृत्यू हे तिथल्या वर्गात शिकवलेलेच नसते. पण डॉक्टर म्हणून काम इथल्याच वस्तीत करायचे आहे. त्या तीस प्रश्नांना सर्जरीच्या बत्तीस प्रश्नांइतकेच वजन आहे.

विलायतेत रेषा का हलते?

भाईजानांचा पुतण्या इंग्लंडमध्ये आहे. त्याने फोनवर सांगितले होते की तिकडे पासचा आकडा दर परीक्षेला बदलतो. भाईजानांना वाटले, म्हणजे तिथे कटऑफ आहे. तसे नाही.

ब्रिटनच्या प्लॅब परीक्षेच्या पहिल्या भागात तीन तासांत १८० प्रश्न असतात. पासचा आकडा अँगॉफ पद्धतीने ठरतो. विल्यम अँगॉफ या अमेरिकी परीक्षातज्ज्ञाच्या १९७१ च्या लेखनावरून तिला हे नाव पडले. अनुभवी डॉक्टरांची समिती बसते. प्रत्येकाने डोळ्यांसमोर असा डॉक्टर आणायचा, जो हुशार नाही, पण ज्याच्या हाती रुग्ण सोपवायला जेमतेम हरकत नाही. मग एकेक प्रश्न घेऊन सांगायचे की असे शंभर डॉक्टर असतील तर त्यांतल्या किती जणांना याचे उत्तर यावे? कुणी म्हणतो ७०, कुणी ५५. सगळ्या प्रश्नांच्या अंदाजांची सरासरी काढून बेरीज केली की पासची रेषा मिळते. पेपर कठीण असेल तर रेषा खाली, सोपा असेल तर वर. आकडा हलतो, पण त्यामागचा डॉक्टर तोच राहतो.

अमेरिकेच्या यूएसएमएलईत वेगळी गंमत आहे. तिथे तीन आकडी गुण येतात. दुसऱ्या टप्प्याच्या लेखी परीक्षेची रेषा जुलै २०२५ पासून २१८ आहे. आपले लोक ते ३०० पैकी समजून टक्के काढत बसतात. ते टक्के नाहीत, एक ठरवलेली मोजपट्टी आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळे प्रश्न सोडवलेल्यांना एकाच मापाने मोजता यावे म्हणून कच्चे गुण तिच्यावर बसवले जातात. प्रत्यक्षात साधारण ६० टक्के उत्तरे बरोबर असावी लागतात. पहिल्या टप्प्याचे तर २६ जानेवारी २०२२ पासून गुणच कळवत नाहीत. निकाल फक्त पास किंवा नापास.

आपल्याकडे रेषा स्थिर आहे आणि पेपर कमीजास्त कठीण होतो. त्यांच्याकडे पेपरानुसार रेषा हलते. कोणते बरे, यावर वाद होऊ शकतो. पण दोन्हीकडे प्रश्न एकच विचारला जातो : या माणसाच्या हातात रुग्ण द्यावा का?

बगदादची गोष्ट

हा प्रश्न आजचा नाही. हिजरी ३१९, म्हणजे इसवी सन ९३१ मध्ये, बगदादमध्ये एका तबीबाच्या चुकीने रुग्ण दगावल्याची बातमी खलिफा अल्-मुक्तदिरपर्यंत गेली. त्याने हुकूम काढला की परीक्षा दिल्याशिवाय कुणी इलाज करायचा नाही. काम सोपवले सिनान इब्न साबित या हकिमाकडे. थोर गणिती साबित इब्न कुर्रा याचा हा मुलगा. नामांकित तबीब आणि दरबारचे तबीब वगळून आठशे साठच्या वर लोकांची परीक्षा झाली, असे तबीबांच्या जुन्या चरित्रग्रंथांत लिहिले आहे.

त्याच ग्रंथांतला एक किस्सा असा. एक भारदस्त म्हातारा सिनानसमोर आला. सिनानने मानाने बसवून विचारले, आपले उस्ताद कोण? म्हाताऱ्याने बाहीतून दिनारांची पुडी काढून पुढे ठेवली आणि कबूल केले की आपल्याला लिहिता-वाचता येत नाही, पण पोटापाण्याचा धंदा हाच आहे, तो तोडू नका. सिनान हसला. कळत नसेल त्या रोगाला हात लावायचा नाही, रक्त काढायचे नाही, जुलाब द्यायचा नाही, या अटीवर त्याने म्हाताऱ्याला सोडून दिले. म्हातारा म्हणाला, मी सरबतांच्या पुढे कधी गेलोच नाही! दुसऱ्या दिवशी एक तरुण आला. उस्ताद कोण? तर कालचेच वडील. त्यालाही तीच अट घालून जाऊ दिले.

वाचताना हसू येते. पण त्या बापलेकाच्या दारात तापाने फणफणलेले मूल घेऊन गेलेली आई आठवली की हसू मावळते. परीक्षा घेणारा कितीही शहाणा असो, रेषा त्याच्या दयेवर राहिली की पुडी पुढे येतेच.

“भाईजान,” मी म्हटले, “सेटिंग म्हणजे ती पुडीच.” डिसेंबर २०२२ मध्ये सीबीआयने ७३ परदेशी पदवीधरांवर गुन्हा नोंदवला. ही परीक्षा पास न होताच त्यांनी राज्यांच्या मेडिकल कौन्सिलांकडून नोंदणी मिळवल्याचा आरोप होता. तीन मार्क कमी पडलेली मुलगी पुन्हा परीक्षेला बसू शकते. खोट्या कागदावर डॉक्टर झालेल्या मुलीच्या मागे मात्र पोलीस, आणि तिच्या हातून एखादा रुग्ण गेला तर तो भार आयुष्यभर.

मूल पाठवण्याआधी

अजून ज्यांची मुले जायची आहेत, त्यांनी १८ नोव्हेंबर २०२१ चे नियम आधी पाहावेत. नीट पात्रता हवी. अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा हवा. त्याच विद्यापीठात १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी, आणि त्या देशात डॉक्टरकी करण्याचा परवाना मिळण्याइतकी ती पदवी असावी. परत आल्यावर परीक्षा आणि इथली १२ महिन्यांची इंटर्नशिप असते. यातली एक अट चुकली तर परीक्षेतले २०० मार्कही उपयोगाचे नाहीत. कायद्यात या परीक्षेऐवजी सर्वांसाठी एकच ‘नेक्स्ट’ परीक्षा आणण्याची तरतूद आहे. २०२३ मध्ये ती पुढे ढकलली गेली. एजंटला पहिला प्रश्न फीचा नको. तुमच्या कॉलेजची किती मुले इथली परीक्षा पहिल्या फेरीत पास झाली, हे विचारा आणि अशा दोन मुलांशी स्वतः बोला.

आणि घरात नापास मूल असेल तर अजून एक काम करा. त्याच्यासमोर विकलेल्या जमिनीचा विषय काढू नका. ते त्याला तुमच्याहून जास्त पाठ असते.

भाईजानांच्या मुलीने त्या रात्री पाटीवरचा हिशेब वहीत उतरवून घेतला. चार महिने ती माझ्या वरच्या खोलीत अभ्यासाला येत होती, कारण घरी पाहुणे विचारत राहायचे. दर जुम्याला एक पूर्ण पेपर, आणि त्यातल्या पक्क्या उत्तरांची वेगळी मोजणी. आकडा शंभरावरून एकशे बारा झाला, मग एकशे वीस, एकशे चौतीस. उन्हाळ्यात ती परीक्षेला बसली. निकालाच्या दिवशी भाईजान पुन्हा कागद घेऊन आले. यावेळी १७९ होते.

आज ती जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात इंटर्न आहे. परवा भेटली तेव्हा मी विचारले, “ते तीन मार्क आठवतात का गं?”

“आठवतात, चाचा,” ती म्हणाली. “आता रात्री एक बाई कळा देत आली आणि वॉर्डात मी एकटी असले की आठवतात. तेव्हा पास झाले असते, तर आज बरंच काही मला आलं नसतं.”