आधी बैठका, मग डाव

तालमीत नवे पोर आले की वस्ताद त्याला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाही. बैठका मारायला लावतो. पायात बळ नसेल तर हातातला डाव कितीही देखणा असला तरी तो मातीत टिकत नाही, हे त्याला ठाऊक असते. यंत्रांच्या कुस्तीतही हेच खरे आहे. पण आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पहिलावहिला लढाऊ रोबो बनवायला बसलेल्या मुलांना ते सांगणारा वस्ताद सहसा भेटत नाही. मग महिनाभर चर्चा होते ती फिरत्या पात्याची, हातोड्याची आणि रोबोच्या भीतिदायक नावाची. चाके फिरवणारी मोटर शेवटच्या आठवड्यात, दुकानात जी मिळेल ती आणली जाते.

परिणाम व्हायचा तोच होतो. या लढती साधारण तीन मिनिटांच्या असतात. ज्याची हालचाल थांबली त्याच्यासाठी आकडे मोजायला सुरुवात होते आणि दहापर्यंत तो हलला नाही तर खेळ खलास. पाते शाबूत, बॅटरी भरलेली, पण चाकांतून धुराची रेघ निघालेली, अशा अवस्थेत हरणारे कितीतरी असतात. चार-पाच मुलांनी वर्गणी काढून जमवलेले पैसे आणि एका सत्राच्या रात्री त्या धुरात जातात.

या खेळाचा इतिहास फार जुना नाही. अमेरिकेतील मार्क थॉर्प या गृहस्थांना घर झाडण्यासाठी दूरनियंत्रित यंत्र बनवायचे होते. त्या खटपटीतून यंत्रांच्या झुंजीची कल्पना निघाली आणि 1994 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फोर्ट मेसन येथे पहिली ‘रोबॉट वॉर्स’ स्पर्धा भरली. पुढच्याच वर्षी ‘ला मशीन’ नावाचा एक रोबो गाजला. त्याच्याकडे करवत नव्हती की हातोडा नव्हता. होती ती पुढची उतरती पाचर आणि जोरदार चाके. प्रतिस्पर्ध्याच्या खाली शिरायचे आणि त्याला ढकलत न्यायचे, एवढाच त्याचा डाव! 1998 मध्ये बीबीसीने हा खेळ इंग्लंडच्या घराघरांत नेला. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीतील ‘टेकफेस्ट’सारख्या महोत्सवांनी तो रुजवला. आज 8, 15, 30, 60 किलो अशा वजनगटांत आपली मुले उतरतात.

परीक्षेतला आलेख, बाजारातली मोटर

डीसी मोटरचा वेग आणि टॉर्क यांचा आलेख आपल्या प्रत्येक विद्युत अभियंत्याने परीक्षेत काढलेला असतो. टॉर्क म्हणजे पीळ देण्याची ताकद. कायम चुंबकाच्या साध्या मोटरीत हा आलेख म्हणजे एक उतरती सरळ रेघ असते. भार नसताना वेग सर्वांत जास्त आणि ताकद शून्य. मोटर अडवून धरली की ताकद सर्वांत जास्त आणि वेग शून्य. या दोहोंच्या बरोबर मध्ये, म्हणजे निम्म्या वेगाला, मोटर सर्वाधिक काम देते. आलेखाला पाच गुण मिळतात आणि तो विसरला जातो. लढाऊ रोबोचे सारे गणित मात्र याच रेघेवर उभे असते.

अडकलेली मोटर घेत असलेला विद्युतप्रवाह सर्वांत मोठा असतो आणि त्यातून काम काहीच होत नसल्याने सगळी वीज उष्णतेत जाते. दोन रोबो डोक्याला डोके लावून रेटत असताना नेमके हेच घडते. तेव्हा पहिला नियम असा की, मोटर अडण्याआधी चाक घसरले पाहिजे. चाक जमिनीवर घसरू लागले की मोटर फिरत राहते आणि जळण्यापासून वाचते. चाक घसरायला लागणारी ताकद ही मोटरीच्या कमाल ताकदीच्या निम्म्याहून जास्त असू नये.

हिशेब कागदाच्या कपट्यावर मावतो. समजा रोबो 15 किलोचा आहे आणि त्याचे सारे वजन मोटरीच्या दोन चाकांवर आहे. चांगल्या रबराची पकड वजनाच्या 0.9 पट धरली तर तो साडेतेरा किलोच्या जोराने ढकलू शकेल; त्याहून अधिक नाही, मग मोटर कितीही मोठी लावा. प्रत्येक चाकाच्या वाट्याला पावणेसात किलो येतात. चाक 10 सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे त्रिज्या 5 सेंटिमीटर. गुणाकार केला की सुमारे 34 किलो-सेंटिमीटर. त्याच्या दुप्पट, म्हणजे 70 च्या आसपास कमाल टॉर्क असलेली मोटर हवी.

आता वेग. हेच चाक मिनिटाला 600 फेरे फिरले तर रोबो सेकंदाला तीन मीटरच्या थोडा वर, म्हणजे ताशी 11 किलोमीटरने पळेल. सहा मीटरचा आखाडा तो दोन-अडीच सेकंदांत पार करील. पहिल्या रोबोला एवढा वेग पुरे. याहून जास्त वेग हाकणाऱ्याच्याच बोटांना झेपत नाही. 600 फेरे आणि 70 किलो-सेंटिमीटर या जोडीतून मोटरीची कमाल शक्ती निघते साधारण 110 वॅट. बाजारात जाताना खिशात हे तीन आकडे असले पाहिजेत. चाक दुप्पट मोठे केले तर वेग दुप्पट होतो, पण टॉर्कही दुप्पट लागतो, हेही ध्यानात ठेवावे.

भंगारातली मोहिनी

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलात तर गिअरसह मिळणाऱ्या ‘जॉन्सन’ मोटरी दिसतात. वर फेरे छापलेले असतात. छोट्या रोबोला त्या चालतात. पण छापील आकड्यावर विसंबू नये. मोटर शिकंजात घट्ट पकडावी, दांड्यावर 10 सेंटिमीटरची पट्टी आवळावी, तिच्या टोकाला स्प्रिंगचा काटा अडकवावा आणि क्षणभरच वीज द्यावी. काट्याने सात किलो दाखवले तर टॉर्क 70. हात मात्र पट्टीच्या वाटेत नको.

मोटारगाडीची वायपर मोटर हा आपल्या मुलांचा जुना जिव्हाळा. स्वस्त, दणकट, कुठेही मिळणारी. पण ती मिनिटाला 60 च्या आसपास फेरे घेते. वरच्याच चाकाने तोच आखाडा ओलांडायला तिला 19 सेकंद लागतील. तेवढ्यात प्रतिस्पर्धी तीन वेळा येऊन धडकून जाईल. शिवाय अनेक वायपर मोटरींचे ऋण टोक थेट कवचालाच जोडलेले असते. अशी मोटर धातूच्या सांगाड्यावर बसवून उलटी फिरवायला गेले की सांगाड्यातूनच शॉर्टसर्किट होते. त्याहून फसवी मोटर म्हणजे गाडीचा जुना स्टार्टर. ताकद अफाट, पण ती काही सेकंदांपुरती. प्रवाह शेकडो अँपिअर. त्यात जुन्या पद्धतीच्या स्टार्टरची तारा उलटून दिशाही बदलत नाही.

मग घ्यावे काय? 15 किलोच्या गटात बॅटरीवर चालणाऱ्या ड्रिलची मोटर हा चांगला मधला मार्ग. तिचा ग्रहमालेसारखा गिअरबॉक्स धातूचा आणि आटोपशीर असतो. फक्त आतला क्लच कायमचा बंद करावा लागतो, नाहीतर ऐन रेटारेटीत तो कटकट करत सुटतो. मोठ्या गटांत विजेच्या व्हीलचेअरच्या मोटरींनी परदेशात अनेकांची सुरुवात करून दिली आहे. ब्रशविरहित मोटरी आता सहज मिळतात आणि वजनाच्या मानाने जोरदारही असतात. परंतु कमी वेगात, भाराखाली त्यांना वळवायचे तंत्र वेगळे. पात्यासाठी त्या जरूर वापराव्यात. पहिल्या रोबोच्या पायांना मात्र साधी ब्रशची मोटर बरी.

मोटरीमागचे सोबती

मोटर एकटी कधीच मरत नाही. अनेकदा तिच्याआधी नियंत्रक जळतो. पूर्ण वेगाने पुढे जाणारा रोबो एकदम मागे खेचला तर क्षणभर अडकलेल्या मोटरीच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह वाहू शकतो. म्हणून नियंत्रक घेताना मोटरीचा नेहमीचा नव्हे, अडकल्यावेळचा प्रवाह पाहावा. ‘12 व्होल्टच्या मोटरीला 24 दिले तर दुप्पट पळते’ हे खरेच. पण अडकल्यावर ती चौपट तापते, हे सल्ला देणारा सांगत नाही. चाक नुसते मोटरीच्या दांड्यावर लटकवले तर पहिल्याच धडकेत दांडा वाकतो. बाहेरच्या बाजूला बेअरिंगचा आधार हवा. वजनाचाही ठोक हिशेब असा, की एकूण वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा चाके, मोटरी आणि गिअरना द्यावा आणि हा हिस्सा आधी बाजूला काढून मगच शस्त्राचा विचार करावा.

हे सारे वाचून कुणी म्हणेल, लोखंडाच्या या झुंजीतून मुले शिकतात तरी काय? आपल्या शिक्षणात आलेख वहीत असतो आणि मोटर प्रयोगशाळेच्या कुलपात. या दोघांची गाठ पडते ती अशा वेळी, जेव्हा मुलाला कपट्यावर 34 हा आकडा काढून दुकानदारापुढे उभे राहावे लागते आणि दुकानदार म्हणतो, ‘घेऊन जा, सगळे हीच नेतात.’ तेव्हा ‘नको, मला 70 ची दाखवा’ असे म्हणणारा मुलगा अभियंता होऊ लागलेला असतो. पहिल्या स्पर्धेत त्याचा रोबो जिंकेलच असे नाही. पण तीन मिनिटे संपल्याची घंटा होईल तेव्हा तो आपल्या चाकांवर चालत आखाड्याच्या दाराशी येईल. पहिल्या वर्षी एवढे साधले तरी फार झाले. डाव शिकायला पुढचे वर्ष आहेच.