हृदयाच्या झडपेची निवड

हृदयाची झडप बदलावी लागणार हे एकदा निश्चित झाले, की घरची मंडळी ‘सर्वांत चांगली झडप कोणती?’ असा प्रश्न शल्यविशारदांपुढे ठेवतात. परंतु कोणतीही कृत्रिम झडप आपल्याबरोबर काही आजन्म बंधने घेऊनच येत असल्यामुळे, त्यांपैकी कोणती बंधने या रोग्याला, त्याच्या वयात आणि त्याच्या गावी राहून पाळता येतील, हाच खरा विचारणीय प्रश्न होय. मूळ झडप दुरुस्त होण्याजोगी असेल, तर ती राखणेच बहुधा श्रेयस्कर.

यांत्रिक झडप टिकाऊपणात श्रेष्ठ. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने, आधीची कित्येक प्रारूपे निकामी ठरल्यानंतरही चिकाटी न सोडता, सिद्ध केलेली आणि डिसेंबर १९९० मध्ये प्रथम रोग्याच्या हृदयात बसविलेली चित्रा झडप पाहावी: कोबाल्टच्या मिश्रधातूचे कडे, त्यात कलणारी प्लास्टिकची चकती, आणि टाके घालण्यासाठी भोवती पॉलिएस्टरची विणलेली पट्टी. अशा झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून वॉर्फरिन किंवा अ‍ॅसिट्रोम जन्मभर, एकही दिवस न चुकविता, घ्यावे लागते, आणि रक्त किती पातळ झाले हे दाखविणारी आयएनआर तपासणी नियमाने करावी लागते. तपासणीची सोय तालुक्याच्या गावीही नसेल, तर झडपेच्या टिकाऊपणाची मातबरी ती काय?

गाय-बैलाच्या हृदयावरणापासून किंवा डुकराच्या झडपेपासून तयार केलेल्या जैविक झडपेला हे औषध बहुधा आरंभीचे काही महिनेच पुरते. मात्र ती साधारणतः १० ते १५ वर्षांत झिजते, आणि तरुणपणी त्याहूनही लवकर. म्हणून सामान्यतः पन्नाशीच्या आतील रोग्यास यांत्रिक आणि पासष्टीपुढील रोग्यास जैविक झडप सुचविली जाते. तथापि मातृत्वाची इच्छा असलेल्या तरुणीच्या बाबतीत हा हिशेब बदलतो, कारण वॉर्फरिन गर्भाला अपायकारक ठरू शकते. प्राणिज पदार्थाविषयी कोणाच्या मनात धार्मिक संकोच असल्यास, तोही शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावा.

महाधमनीची झडप अरुंद झालेल्या वृद्धांसाठी छाती न उघडता, बहुधा जांघेतील रक्तवाहिनीतून जैविक झडप बसविण्याचा मार्गही आता उपलब्ध आहे. फ्रान्समधील रूआँ येथे आलँ क्रिबिए यांनी २००२ मध्ये तो प्रथम अवलंबिला. खर्च मात्र मोठा.

छाती उघडून शस्त्रक्रिया झाली असल्यास उरोस्थी सांधण्यास ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर पाण्याची भरलेली बादली उचलू नये, दुचाकी चालवू नये, खोकताना छातीशी उशी घट्ट धरावी, आणि चालणे रोज थोडेथोडे वाढवावे. मेथी-पालक वर्ज्य करण्याचे कारण नाही. वॉर्फरिन घेणाऱ्याने त्यांचे प्रमाण रोज बेताचे व सारखे ठेवले म्हणजे झाले. दात काढण्यापूर्वी कृत्रिम झडप असल्याचे दंतवैद्यास सांगितलेच पाहिजे, कारण तोंडातील जंतू रक्तावाटे तिच्यावर ठाण मांडतात. यांत्रिक झडपेची नेहमीची टिकटिक मंदावली, धाप लागू लागली किंवा बोबडी वळली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेव्हा संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: माझी झडप दुरुस्त होईल काय, तपासणी कोठे व किती खर्चात होईल, आणि पुढे पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचा प्रसंग आला तर काय? यांची उत्तरे सरळ शब्दांत मिळविणे हा रोग्याचा हक्कच आहे.