कारखान्यात घडलेले घर : खरा खर्च आणि खरी मिळकत

घर बांधू पाहणाऱ्या शेतकऱ्यापुढे हल्ली एक नवा पर्याय उभा राहिला आहे. भिंती, छप्पर, दारे, खिडक्या हे सर्व कारखान्यात तयार व्हावे, ट्रकमधून शेतावर यावे आणि थोड्याच दिवसांत बोल्ट आवळून घर उभे राहावे; पुढे गरज पडल्यास खणाला खण जोडून ते वाढवावे, नको झाल्यास उकलून दुसरीकडे न्यावे. अशा घरास पूर्वरचित घर म्हणतात. जाहिरातीत त्याचा दर चौरस फुटामागे दिलेला असतो आणि 'गुंतवणूक' हा शब्दही बहुधा त्याच्या शेजारीच छापलेला असतो. या दोन्ही शब्दांची फोड करून पाहावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. घर ही बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच होणारी खरेदी होय. ती चुकली तर तिची भरपाई अखेर जमिनीतूनच करावी लागते.

ही कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात घरे उद्ध्वस्त झाल्यावर इंग्लंडने १९४४ साली कायदा करून सुमारे दीड लाख पूर्वरचित घरे उभारली. ती दहा-पंधरा वर्षांपुरती असावीत असा बेत होता. परंतु त्यांपैकी कित्येक घरांत लोक पन्नास वर्षांहून अधिक काळ राहिले. म्हणजे नीट केलेले हलके घर टिकते, यात संशय नाही. मात्र त्या कामाचा खर्च मूळ अंदाजाच्या पुष्कळ पुढे गेला, हेही तितकेच खरे. आपल्याकडे फाळणीनंतर निर्वासितांसाठी दिल्लीत सरकारने घरांचा कारखाना काढला. त्यातील तयार भिंतींना तडे जाऊ लागले व ती योजना फसली. पुढे १९५३ साली त्याच कारखान्याची हिंदुस्थान हौसिंग फॅक्टरी झाली; आजची हिंदुस्थान प्रीफॅब लिमिटेड ती हीच. अगदी अलीकडे, २०२२ साली, सिडकोने नवी मुंबईत बामणडोंगरी येथे काँक्रीटचे तयार भाग जोडून ९६ दिवसांत ९६ सदनिका उभ्या केल्या. या उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात येते. कारखान्याचा खरा लाभ वेळेच्या बचतीत आहे, आणि तोही एकाच नमुन्याची शेकडो घरे एकाच जागी करावयाची असतात तेव्हा. एकट्या शेतकऱ्याचे दोन खणांचे घर या हिशेबात बसेलच असे नाही.

मग आपल्या हिंगोली जिल्ह्याने याचा विचार तरी का करावा? त्यास सबळ कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली, ती मुख्यत्वे दगडमातीच्या जाड भिंती व माळवदाचे ओझे अंगावर कोसळून. आपल्याकडेही २१ मार्च २०२४ रोजी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, आणि परभणी-नांदेडपर्यंत लोक घराबाहेर धावले. पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्यावेत, अशी सूचना तेव्हा द्यावी लागली. ज्या घराचे छप्परच हलके आहे आणि ज्याचा सांगाडा लोखंडी व नीट बांधलेला आहे, ते घर अशा वेळी माणसाच्या जिवावर उठत नाही. पूर्वरचित घराचा हा गुण मोठा आहे, आणि तो आम्ही प्रथमच मान्य करतो.

आता दराकडे वळू. कारखानदार सांगतो तो दर बहुधा कारखान्याच्या दारातील असतो. त्यात जोते नसते, वाहतूक नसते, संडास-मोरी नसते, विजेची जोडणी नसते, आणि पुष्कळदा करही नसतो. पूर्वरचित इमारतीवर वस्तू व सेवा कर शेकडा १८ आहे आणि तो घराच्या संपूर्ण किमतीवर लागतो. गावच्या गवंड्याकडून घर बांधून घेताना सिमेंट-लोखंडावर कर पडतोच. परंतु एका स्वतंत्र राहत्या घराच्या निव्वळ मजुरीवर हा कर नाही. हा फरक जाहिरातीत कोठेही दिसत नाही.

समजुतीसाठी ४०० चौरस फुटांच्या घराचा हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ नमुन्यादाखल धरले आहेत. वाचकांनी त्यांच्या जागी आपल्या दरपत्रकातील आकडे घालावेत.

घराचे साहित्य व जोडणी, दर १,५०० रुपये : ६,००,०००
कर, शेकडा १८ : १,०८,०००
मुरमाचा भराव व जोते : १,१०,०००
वाहतूक व क्रेन : ६०,०००
संडास, शोषखड्डा, टाकी, नळ : ७०,०००
वीज जोडणी व आतील तारा : ३२,०००
एकूण : ९,८०,०००

म्हणजे १,५०० रुपयांचा दर राहावयास जाईपर्यंत २,४५० रुपयांवर गेला. यात कोणी फसविले असे नव्हे. ज्या बाबी दरात नव्हत्या त्या आपण धरल्या, इतकेच. गवंड्याच्या घराशी तुलना करावयाची ती या शेवटच्या आकड्याशी करावी, पहिल्याशी नव्हे.

यांपैकी जोत्याची बाब आपल्या भागात विशेष महत्त्वाची आहे. काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. हलक्या घराला पाया हलका चालतो असे सांगितले जाते. ते मुरमाड किंवा खडकाळ जमिनीत खरे आहे. खोल काळ्या रानात मात्र हलके घर जमिनीबरोबर वरखाली होते, दारे अडकतात, सांधे उघडतात आणि पाणी आत शिरते. काळी माती काढून मुरूम दाबून भरणे, किंवा खाली बुंधा रुंद केलेले खांब खोलवर नेणे, हे दोनच भरवशाचे मार्ग आहेत, आणि दोन्हींना पैसा लागतो. वाहतुकीचेही तसेच. पुण्याहून येणारा ट्रक चारशेहून अधिक किलोमीटर सुखाने येतो. पण शेवटच्या अर्ध्या किलोमीटरच्या पाणंदीत, मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, तो येईल काय, हे आधी पाहावे.

उन्हाची गोष्टही विसरू नये. एकेरी पत्र्याच्या भिंतींत मे महिन्यात दुपारी माणूस राहू शकत नाही. दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेले पफ पॅनेल उष्णता चांगली अडविते, पण ते महाग असते आणि त्याची जाडी विचारून घ्यावी लागते. जुलै २०२३ मध्ये रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा वाचलेल्या कुटुंबांना प्रथम कंटेनरच्या घरांत ठेवले होते. ती निकडीची सोय म्हणून योग्यच होती. कायमच्या राहण्यासाठी मात्र पुढे पक्की घरे बांधावी लागली.

आता 'गुंतवणूक' या शब्दाचा विचार करू. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये औंढा नागनाथजवळील लायगो-इंडिया वेधशाळेस २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तेथे कामाला माणसे येतील. नागनाथाच्या दर्शनाला यात्रेकरू येतातच. राज्याचे कृषी पर्यटन धोरणही २०२० पासून आहे. तेव्हा रस्त्याकडेच्या शेतात दोन तयार खोल्या टाकून भाडे घ्यावे, असा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. वरचेच घर दरमहा ६,००० रुपयांनी दिले आणि वर्षात दोन महिने रिकामे राहिले, असे धरू. भाडे ६०,००० येईल. दुरुस्ती, रंग व घरपट्टी यांस १८,००० गेले तर ४२,००० उरतील. मुद्दल ९,८०,०००, म्हणजे शेकडा सव्वाचारच्या आसपास. पण येथे हिशेब संपत नाही. कर धरून ७,०८,००० रुपयांचे घर २५ वर्षे टिकेल असे मानले, तर दरसाल २८,३२० रुपयांची झीज होते. ती वजा जाता खरी मिळकत १३,६८० रुपये, म्हणजे शेकडा दीड रुपयाही नाही. पाच लाख रुपये शेकडा ९ व्याजाने काढले असतील तर पहिल्या वर्षाचे व्याजच ४५,००० होते, आणि भाड्याचे ४२,००० त्यास पुरत नाहीत.

घरांच्या किमती वाढतात, मग याचीही वाढेल, असे कोणी म्हणेल. महसूल खात्यात वर्षानुवर्षे जमिनीचे कागद लिहिताना आमच्या मनावर ठसलेली गोष्ट अशी की, वाढते ती जागेची किंमत. भिंतींची किंमत घटतच जाते. शहरात भिंतीखालची जागा महागते, म्हणून घर महागल्यासारखे दिसते. आपल्या शेतात जमीन आधीच आपली आहे. तिची किंमत वाढेल ती घर असो वा नसो. बोल्टांनी बसविलेले घर हे बैलगाडीसारखे, तेलाच्या इंजिनासारखे आहे. ते उपयोगी आहे, वेळेला मोलाचे आहे, पण दरसाल झिजणारे आहे.

कागदांचा प्रश्नही याच अंगाने पाहावा. शेतकऱ्याने आपल्या राहण्यासाठी शेतात घर करणे वेगळे आणि भाड्याने देण्यासाठी खोल्या उभारणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात जमिनीचा वापर बदलतो. अकृषिक वापराचे नियम अलीकडे वरचेवर बदलत आहेत. म्हणून आगाऊ रक्कम देण्यापूर्वी तलाठ्याकडे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, आणि तहसील कचेरीत लेखी विचारणा करावी. 'घर उचलून नेता येते, म्हणून परवानगी लागत नाही', या विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबू नये. कर्ज देणारी बँकही घरापेक्षा जागेचा कागद पाहते. गावठाणात २०२० पासून स्वामित्व योजनेखाली मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. ज्याच्याकडे तशी पत्रिका व ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आहे, त्याचे काम सोपे. शेतातील सुट्या घरावर गृहकर्ज मिळणे कठीण. घरकुल योजनेचा लाभार्थी असल्यास आणखी एक अडचण येते. सपाट प्रदेशात केंद्रीय योजनेचे १,२०,००० रुपयांचे साहाय्य बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे हप्त्याने मिळते. कारखानदार मात्र माल रवाना करण्यापूर्वीच बहुतेक रक्कम मागतो. मधली रक्कम सावकाराकडून आणावी लागली, तर स्वस्ताई तेथेच संपली.

याचा अर्थ असे घर घेऊच नये असा नाही. जुने माळवद उतरवून नवे घर होईपर्यंत कुटुंबाला निवारा हवा असेल, हळद शिजवण्याच्या हंगामात मजुरांना शेतावर नीट जागा द्यावयाची असेल, खंडाने घेतलेल्या रानात राखणदार ठेवावयाचा असेल, किंवा गवंडी मिळत नाही आणि पावसाळा तोंडावर आहे अशी निकड असेल, तर हे घर आपले मोल पुरेपूर देते. कायमच्या राहण्यासाठी मात्र गावच्या गवंड्याकडून विटांचे घर बांधून, जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर व छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा फिरवून घ्यावा आणि वर हलके छप्पर घालावे, हे आम्हांस अधिक हिताचे वाटते. धक्क्यापासून संरक्षण त्यातही मिळते, मजुरी गावातच राहते, आणि दहा वर्षांनी भिंत फुटली तर ती दुरुस्त करणारा माणूस शेजारच्या वाडीत सापडतो.

तरीही ज्यांस पूर्वरचित घर घ्यावयाचे आहे, त्यांनी दरपत्रकात पुढील गोष्टी लेखी घ्याव्यात : कर धरून एकूण रक्कम, जोते कोणी करावयाचे व ते काळ्या जमिनीसाठी कसे, पत्र्याची व पॅनेलची जाडी, वाऱ्या-वादळात छप्पर उडू नये म्हणून केलेले बंधन, माल शेतापर्यंत पोहोचविण्याची जबाबदारी, गळती व गंज यांची हमी किती वर्षांची, आणि सुटे भाग पुढे कोठे मिळतील. त्याच कारखान्याचे निदान तीन पावसाळे काढलेले एक घर, शक्य तर मे महिन्यातील दुपारी, स्वतः जाऊन पाहावे आणि त्यात राहणाऱ्या बाईमाणसाला विचारावे. शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर देण्याची अट घालावी. जो कारखानदार ही अट मान्य करील, त्याचा आपल्या मालावर विश्वास आहे असे समजण्यास हरकत नाही.