वडिलांच्या नावावरील जुनी मोटार विकण्यापूर्वी



क्षार सहन करणाऱ्या भातजातींची माहिती देण्यासाठी पनवेल तालुक्यातील ओवे आणि आसपासच्या गावांत जाण्याचा प्रसंग आला, की चर्चा 'पनवेल-३' वर सुरू होते आणि चहा येईपर्यंत भलत्याच विषयावर पोहोचते. "सर, वडिलांची गाडी दारात उभी आहे. वडील जाऊन सहा वर्षे झाली. गिऱ्हाईक चाळीस हजार द्यायला तयार आहे, पण पुस्तक वडिलांच्याच नावावर आहे. दिली तर चालेल का?" हा प्रश्न इतक्या वेळा आला, की पीकशास्त्राच्या माणसाने त्यावर लिहावे की नाही हा संकोच बाजूला ठेवून ही माहिती देत आहे.

ओवे हे आता केवळ भातशेतीचे गाव राहिलेले नाही. सिडकोची स्थापना मार्च १९७० मध्ये झाली. नवी मुंबईसाठी ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी लागल्या. पुढे १९९० पासून साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका झाली. या काळात अनेक घरांत पहिली चारचाकी आली. ती साहजिकच घरातील कर्त्या माणसाच्या नावावर घेतली गेली. आता कर्ता माणूस राहिला नाही आणि गाडी मात्र पडवीत उभी आहे.

सातबारा आणि आर. सी. बुक

जमिनीच्या बाबतीत आपला शेतकरी अत्यंत जागरूक असतो. वडील गेले की तलाठ्याकडे वारस नोंद, मग फेरफार, मग सातबाऱ्यावर नाव, हा क्रम कोणाला शिकवावा लागत नाही. वडिलांच्या नावावरील जमीन परस्पर कोणी विकायला निघाला, तर खरेदीदारच उठून जाईल. गाडीच्या बाबतीत मात्र हाच शेतकरी किल्ली, पुस्तक आणि सह्या केलेले दोन कोरे फॉर्म गिऱ्हाइकाच्या हातात देतो आणि पैसे मोजून घेतो. बिनलेबलाचे बियाणे घेऊ नका असे आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो आहोत. हा व्यवहार त्याहून धोक्याचा आहे, कारण इथे नुकसान घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याचे अधिक होते.

याचे कारण असे, की मोटार ही जंगम वस्तू असल्याने पैसे आणि ताबा यांची देवाणघेवाण झाली म्हणजे विक्री झाली असे आपण समजतो. दोघांमधील हिशेबापुरते ते बरोबरही आहे. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये 'मालक' या शब्दाची व्याख्या वेगळी आहे. ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी दिलेल्या एका निकालात हा मुद्दा पूर्ण स्पष्ट झालेला आहे. त्या प्रकरणातील गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली. अपघातात जीवितहानी झाली तेव्हा भरपाईची जबाबदारी त्या पहिल्या नोंदणीकृत मालकावर ठेवण्यात आली. गाडी केव्हाच विकली, ताबा दिला, हे म्हणणे चालले नाही.

गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई विमा कंपनी देते. पण पडवीतून उचललेल्या जुन्या गाडीचा विमा बहुधा संपलेलाच असतो. अशा वेळी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली रक्कम, याच अधिनियमाच्या कलम १७४ नुसार, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. महसुलाची थकबाकी म्हणजे काय आणि ती कशावर चढते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. नोंदणी मृत वडिलांच्या नावावर असेल तर दाव्यात वारसांना ओढले जाते, आणि वारसांची नावे सातबाऱ्यावर आधीच लागलेली असल्याने ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आमच्याच घरातील गोष्ट आहे. माझ्या थोरल्या चुलत्यांनी आपली मारुती ८०० सह्या केलेल्या कोऱ्या फॉर्मांवर एका मध्यस्थाला दिली. "आठवड्यात नाव बदलून देतो" असे त्याने सांगितले होते. चार वर्षांनी न्यायाधिकरणाची नोटीस दारात आली. गाडी कोणाकडे आहे हेही चुलत्यांना ठाऊक नव्हते. सुदैवाने शेवटच्या माणसाने विमा उतरवलेला होता म्हणून निभावले, तरी लावणीच्या दिवसांत तारखांना जाणे काही चुकले नाही.

आधी वारसाच्या नावावर, मग गिऱ्हाइकाच्या

मृत व्यक्तीच्या नावावरील गाडी थेट विकता येत नाही. मालक गेल्यावर तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ मध्ये अर्ज करून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम आहे. बहुतेकांची ही मुदत केव्हाच उलटलेली असते. तेवढ्यासाठी मार्ग बंद होत नाही. उशिराबद्दलची रक्कम भरून अर्ज करावा.

अर्जासोबत मृत्यूचा दाखला, मूळ आर. सी. बुक, चालू विमा, प्रदूषण तपासणीचा दाखला, वारसाचा पत्ता व ओळख यांचे पुरावे आणि इतर वारसांचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथल्या कार्यालयात होते. वडील गावचे असले, पण मुंबईतील रुग्णालयात वारले असले, तर दाखला मुंबईत मिळेल. गावात हेलपाटे घालू नयेत. गाडी पूर्वी पेण कार्यालयात एमएच-०६ क्रमांकाने नोंदलेली असेल तर तिचे दप्तर सध्या कोणत्या कार्यालयाकडे आहे हे आधी पाहावे. पनवेल कार्यालयाचा क्रमांक एमएच-४६ आहे. आर. सी. बुकावर बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असेल आणि कर्ज फिटलेले असेल, तर त्यांचे पत्र व नमुना ३५ देऊन बोजा आधी उतरवून घ्यावा. कर्ज फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरत नाही, हे सोसायटीच्या कर्जावरून आपल्याला माहीत आहेच. आर. सी. बुक हरवले असल्यास पोलिसांकडे तक्रार नोंदवून नमुना २६ मध्ये दुसरी प्रत मागता येते.

खाडीच्या हवेमुळे आपल्याकडे आणखी एक अडचण येते. अर्जाच्या वेळी चासी क्रमांकाचा कागदावर पेन्सिलने छाप घेतला जातो. पाच-सात पावसाळे उभ्या असलेल्या गाडीचा तो भाग गंजून आकडे बुजलेले असतात. गंज कानशीने किंवा पॉलिश कागदाने घासून काढू नये, आकडे घासले गेल्यास गाडीवर संशय येतो. रॉकेल लावून, फडक्याने पुसून पाहावे आणि तरीही वाचता न आल्यास गाडी निरीक्षकांना दाखवावी.

बहिणींची संमती

सर्वांत जास्त काम इथे अडते, म्हणून याविषयी थोडे सविस्तर. हिंदू वारसा अधिनियम, १९५६ प्रमाणे वडिलांनी मृत्युपत्र केलेले नसेल तर त्यांची विधवा पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास आई, या सर्वांचा त्यांच्या स्वतःच्या मालमत्तेत सारखा वाटा असतो. मोटारही त्यात येते. लग्न झालेली बहीणही वारस आहे. अन्य धर्मीयांना त्यांचा वारसा कायदा लागू होतो. गाडी एकाच मुलाच्या नावावर करायची तर बाकी सर्वांची संमती लेखी लागते.

परंतु ज्या गावांत जमिनी संपादनात गेल्या, मोबदला आला, भूखंड आले, तिथे बहिणीच्या मनात कोणत्याही कागदाबद्दल धास्ती असते, आणि ती अनाठायी नसते. "गाडीच्या कागदावर सही दे" म्हणून पुढे केलेल्या कागदात घर, भूखंड, मोबदला यांवरचा हक्क सोडल्याचे एक वाक्य घुसवलेले असल्याच्या तक्रारी ऐकू येतात. स्थावर मालमत्तेचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते हे खरे, तरी असा कागद पुढे वाद उकरायला पुरतो. म्हणून भावांना माझे सांगणे आहे, की संमतीपत्र केवळ गाडीपुरते करावे. त्यात गाडीचा क्रमांक, चासी व इंजिन क्रमांक, कोणाच्या नावावर करावयाची तो वारस आणि विक्रीची रक्कम कशी वाटून घ्यावयाची एवढेच असावे. "इतर सर्व मालमत्तेबाबत" अशा शब्दांनी सुरू होणारे वाक्य असल्यास ते खोडायला लावावे. बहिणींनी कागद पूर्ण वाचून, त्याची एक प्रत हातात पडल्यावरच सही करावी. चाळीस हजारांत चौघांचे वाटे दहा-दहा हजार होतात. रक्कम लहान आहे, पण ती न विचारता खाल्ली तर पुढे भूखंडाच्या वेळी त्याची आठवण निघते.

वारसांत वाद असेल किंवा एखादा वारस सही द्यायला तयार नसेल, तर १८२७ च्या मुंबई विनियम ८ अन्वये दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घेण्याचा मार्ग आहे. तलाठ्याकडील वारस नोंद ही जमिनीच्या दप्तरापुरती असते, हे लक्षात ठेवावे.

वडिलांनी मागील तारखेला सही करून दिली असे दाखवून त्यांच्या नावाने नमुना २९ व ३० भरण्याचा सल्ला काही मध्यस्थ देतात. "सगळे असेच करतात" हेही ऐकवतात. मृताची सही करणे हा बनावट दस्त करण्याचा गुन्हा आहे. फॉर्मवर सही करणारा हात आपला असतो, मध्यस्थाचा नव्हे.

वडिलांनी ती गाडी दुसऱ्याकडून घेतली, पण स्वतःच्या नावावर कधी केलीच नाही, अशीही प्रकरणे आहेत. तेव्हा नोंदणीकृत मालकाला गाठून त्याची सही नव्याने घेण्यास पर्याय नाही. तोही वारला असेल तर त्याचे वारस गाठावे लागतील. ते सापडतच नसतील तर वकिलाच्या सल्ल्याने दिवाणी न्यायालयाकडे जावे.

विकावी की मोडीत काढावी

एवढे सर्व करण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब मांडावा. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षे चालते, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. ऑगस्ट २०२५ मधील अधिसूचनेनुसार वीस वर्षांपेक्षा जुन्या मोटारीचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झाले आहे. त्याआधी, एप्रिल २०२२ पासून, ते ५,००० रुपये होते आणि वीस वर्षांच्या आतील गाडीला आजही तेवढेच आहे. उशीर झाल्यास दरमहा ५०० रुपये जादा. म्हणजे २००२ साली घेतलेल्या आणि नूतनीकरण चुकून तीन वर्षे झालेल्या गाडीचे १०,००० अधिक १८,०००, असे २८,००० रुपये आधीच गेले. पर्यावरण कर, विमा, टायर, बॅटरी वेगळे. शिवाय १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या वाहनांना उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसवणे राज्यात बंधनकारक आहे. चाळीस हजारांच्या गाडीवर एवढा खर्च करणे म्हणजे चार गुंठ्यांसाठी नवा पंप घेण्यासारखे आहे.

अशा वेळी २०२१ च्या नियमांखालील नोंदणीकृत मोडीत केंद्रात गाडी द्यावी. तिथून ठेव प्रमाणपत्र मिळते. नवीन वाहन घेताना करात सवलत मिळण्यासाठी ते उपयोगी पडते. मृताच्या नावावरील गाडी असल्यास मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा तिथेही लागतो. रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला वजनावर गाडी देऊन मोकळे होऊ नये. तो चार पैसे जास्त देईल, पण नोंदणी रद्द झाल्याशिवाय गाडीचा क्रमांक वडिलांच्या नावावर जिवंत राहतो आणि तो क्रमांक दुसऱ्या गाडीला लागू शकतो.

प्रत्यक्ष विक्रीच्या दिवशी

गाडी आपल्या नावावर झाल्यानंतर गिऱ्हाइकासमोर नमुना २९ च्या प्रतींवर आणि नमुना ३० वर सह्या कराव्यात. त्याआधी घेणाऱ्याचे नाव, पत्ता आणि तारीख भरून घ्यावी. एकही रकाना कोरा ठेवू नये. विक्रीची सूचना चौदा दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयाला देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची आहे. घेणाऱ्याने तीस दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो. शक्य असल्यास दोघांनी एकाच दिवशी अर्ज करावा आणि नाव बदलल्याशिवाय पूर्ण ताबा देऊ नये. गिऱ्हाईक घाई करीत असेल तर निदान किल्ली देतानाची तारीख व वेळ, किलोमीटरचा आकडा आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत घेऊन पावती करावी. थकलेले ई-चलन आधी भरून टाकावे, नाही तर काम तिथेच अडेल.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला गाडी द्यायची असल्यास त्याच्याकडे परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र आहे का ते विचारावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार असा अधिकृत व्यापारी गाडी ताब्यात घेतल्याची सूचना कार्यालयाला देतो आणि पुढील विक्री होईपर्यंत तिची जबाबदारी त्याच्यावर राहते. प्राधिकारपत्र नसलेल्याला ही तरतूद लागू नाही.

महिनाभराने परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक टाकून नाव बदलले का ते पाहावे. घरातील शाळेत जाणारे मूलही हे काम दोन मिनिटांत करून देईल. नाव बदललेले दिसले की त्या पानाची छापील प्रत, नमुना २९ ची पोच आणि वारसांचे संमतीपत्र सातबाऱ्याच्या फाइलमध्येच लावून ठेवावे.